मंत्र, मन आणि मोल : फाशांच्या खेळातील एका वादाची शूर्पारकापर्यंतची वाट

१/
गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोनच वर्षांत त्याच्या खेळियांमध्ये एक वाद सुरू झाला आणि तो आजही मिटलेला नाही. जादूगाराची मंत्रशक्ती आणि सिद्धाची मनःशक्ती एकाच पटावर आल्या, तर तराजू कोणी आणि कसा धरायचा? या प्रश्नाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध वरवर दिसतो त्याहून फार जुना आहे. हा धागा त्याविषयी.

२/
हा खेळ ज्यांच्या परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यांतला एक कथा चालवतो, उरलेले त्या कथेतील एकेक पात्र होतात. पात्र काय करू पाहते ते खेळाडू तोंडाने सांगतो, आणि ते साधले की फसले हे फासे ठरवतात. येथे हार-जीत नसते. म्हणूनच ‘तोल’ या शब्दाचा अर्थही निराळा होतो. दुसऱ्यावर मात करण्याची संधी सारखी असावी, एवढ्यापुरता तो मर्यादित राहत नाही. टेबलावरच्या प्रत्येकाला कथेत काही करण्याजोगे उरावे, ही त्यातील खरी अपेक्षा.

३/
उदाहरणासाठी टेबल नवघरचे घ्यावे. नवघर म्हणजे भाईंदर पूर्वेचे जुने गाव. भोवती मिठागरे, पलीकडे वसईची खाडी. १९८५ साली आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र होऊन मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. गावाचे नाव रस्त्याला, पोलीस ठाण्याला उरले आणि गावाभोवती इमारती उभ्या राहिल्या. अशा एखाद्या इमारतीत चार मित्र खेळायला बसले आहेत, अशी कल्पना करावी. एकाने मांत्रिक निवडला, दुसऱ्याने मनःशक्तीचा सिद्ध, तिसरीने योद्धा, चौथ्याने चोर. तिसऱ्या तासाला योद्धा आणि चोर मोबाईल पाहू लागतात, कारण प्रत्येक संकट मांत्रिक किंवा सिद्ध एका वाक्यात संपवत आहे. त्या खोलीत तोल ढळला आहे, हे कळायला कोणताही हिशोब लागत नाही.

४/
आता मांत्रिकाकडे पाहावे. या खेळातील जादूची मूळ रीत जॅक व्हान्स या लेखकाकडून आली. त्याच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातील जादूगार ग्रंथ वाचून मोजकेच मंत्र डोक्यात साठवतो. मंत्र उच्चारला की तो स्मृतीतून पुसला जातो. पुन्हा हवा असेल तर पुन्हा ग्रंथ उघडावा लागतो. खेळाने ही कल्पना जशीच्या तशी उचलली. मांत्रिकाजवळ ठरावीक ‘स्लॉट’ असतात. सकाळी कोणते मंत्र सोबत घ्यायचे हे त्याला दिवस कसा जाणार हे ठाऊक नसताना ठरवावे लागते. पावसाची तयारी करून निघालेल्याला दुपारी ऊन लागावे, तशी त्याची स्थिती असते.

५/
मनःशक्तीचे कूळ वेगळे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील जे. बी. राइन यांनी १९३४ साली अतींद्रिय ज्ञानावरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि परचित्तज्ञान, दूरदर्शन हे विषय प्रयोगशाळेच्या भाषेत बोलले जाऊ लागले. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे कठोर टीका झाली, पण विज्ञानकथांच्या मासिकांना एक नवे खाद्य मिळाले. १९५० च्या दशकात ‘सायऑनिक्स’ हा शब्द रुजला, तो ‘साय’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स’ यांच्या जोडणीतून. म्हणजे जादूगार आला परीकथेतून आणि सिद्ध आला विज्ञानकथेतून. एकाच घरात आलेल्या दोन पाहुण्यांच्या रीतीभाती जुळू नयेत, हे स्वाभाविकच.

६/
१९७६ सालच्या ‘एल्ड्रिच विझार्ड्री’ या पुरवणीत मनःशक्तीचे नियम प्रथम आले. १९७८ सालच्या खेळाडूंच्या नियमपुस्तकाने ते परिशिष्टात घातले. तिथला नियम मोठा बोलका आहे. पात्राची बुद्धी, विवेक किंवा व्यक्तिमत्त्व यांपैकी एक गुण सोळा किंवा त्याहून अधिक असेल, तर शंभराचा फासा टाकायचा. मूळ संभाव्यता शंभरात एक. गुण सोळाच्या वर जातील तशी ती थोडी वाढे. फासा लागला तर पात्राला त्याच्या पेशाखेरीज मनःशक्तीही मिळाली, जवळजवळ फुकट. न लागला तर काहीच नाही. साधना नाही, गुरू नाही, निवड नाही. केवळ जन्माची सोडत.

७/
त्या परिशिष्टातील शक्तींची यादी मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. शरीर लहान करणे, शरीर मोठे करणे, अधांतरी उठणे, दूरचे पाहणे, दूरचे ऐकणे, दुसऱ्याचे मन वाचणे, दुसऱ्याला वश करणे, श्वास-नाडी जवळजवळ थांबवून पडून राहणे. अणिमा, महिमा, लघिमा, वशित्व ही नावे शेजारी मांडली की साम्य लपत नाही. प्रयोगशाळेची भाषा नेसून आलेली ही बरीचशी योगसिद्धीच होती.

८/
हे साम्य निव्वळ योगायोगाचे मानण्याचे कारण नाही, आणि त्या वाटेवरचे एक महत्त्वाचे ठाणे मुंबई आहे. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘द थिऑसफिस्ट’ हे त्यांचे मासिक मुंबईतूनच निघाले. १८८२ च्या अखेरीस मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला गेले, पण तोवर योग, सिद्धी, सूक्ष्मदेह हे विषय इंग्रजी वाचणाऱ्या जगाच्या चर्चेत आले होते. या खेळाच्या विश्वरचनेत ‘अ‍ॅस्ट्रल’ आणि ‘इथिरिअल’ अशी दोन सूक्ष्म भुवने आहेत. हे दोन्ही शब्द सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचवण्यात थिऑसफीच्या साहित्याचा मोठा हात होता.

९/
मुंबईच्या त्या मंडळात एक मराठी गृहस्थ होते, तुकाराम तात्या पडवळ. १८६१ साली ‘एक हिंदू’ या नावाने ‘जातिभेद विवेकसार’ हे पुस्तक लिहून जातिव्यवस्थेवर घणाघात करणारे, जोतीराव फुल्यांचे स्नेही ते हेच. पुढे थिऑसफीत गेल्यावर त्यांनी १८८० च्या दशकात पतंजलीची योगसूत्रे इंग्रजी भाषांतरासह मुंबईत प्रसिद्ध केली. ज्या माणसाने जन्मावरून अधिकार ठरवण्याला विरोध केला, त्यानेच मनाच्या शक्तीचा ग्रंथ छापून कोणाही वाचकाच्या हाती ठेवला. या दोन कृतींमधील नाते लक्षात ठेवण्यासारखे आहे. धाग्यात पुढे त्याची गरज लागेल.

१०/
पतंजलीने कैवल्यपादाच्या आरंभीच सिद्धींचे पाच उगम सांगितले आहेत : जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. हे वर्गीकरण आजच्या खेळियाला दाखवले तर तो क्षणात ओळखेल. जन्माने शक्ती आलेला, रसायने घोटणारा, मंत्र म्हणणारा, तपाने मिळवणारा आणि निव्वळ चित्ताच्या एकाग्रतेने साधणारा : हे सरळसरळ पाच पेशे आहेत. पतंजलीने या पाच उगमांमध्ये उच्चनीचतेची उतरंड तेथे मांडलेली नाही. मात्र ध्यानातून घडलेले चित्त तेवढे संस्काररहित असते, असे तो लगेच पुढे नोंदवतो. उगम पाच, शक्ती एकाच जातीची, पण माणसावर उरणारा परिणाम वेगवेगळा. तोलाचा प्रश्न येथेच सुरू होतो.

११/
पहिला मुद्दा खर्चाचा. महाभारतातील अस्त्रविद्या ही स्लॉटची पद्धत आहे. कर्णाजवळ इंद्राने दिलेली वासवी शक्ती होती, एकदाच वापरता येणारी. ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती आणि घटोत्कचावर खर्चावी लागली. तिच्यासाठी त्याने कवचकुंडले आधीच देऊन टाकली होती. परशुरामाच्या शापामुळे ब्रह्मास्त्र ऐनवेळी त्याच्या स्मृतीतून गेले. व्हान्सच्या जादूगाराला जे विस्मरण रोजचे आहे, ते कर्णाला आयुष्यात एकदा आणि मरणाच्या दारात आले. शक्ती मोजकी असली की प्रत्येक वापर हा निर्णय होतो. कर्णाची शोकांतिका याच हिशोबावर उभी आहे.

१२/
तप ही दुसरी पद्धत : साठ्याची. विश्वामित्राच्या कथेत तप हे एखाद्या कणगीतल्या धान्यासारखे आहे. वर्षानुवर्षे साठते आणि एका क्षणात उपसले जाते. त्रिशंकूसाठी त्याने नवे नक्षत्रमंडळ उभे केले. मेनकेच्या सहवासात वर्षे गेली. रंभेला शाप दिला तेव्हा रागाने तप गेले, आणि मग त्याने क्रोध आणि वाणी दोन्ही आवरण्याचा निश्चय केला. खेळात मनःशक्तीच्या पात्राला स्लॉट नसतात, ‘पॉवर पॉइंट’ असतात. हवे तिथे, हवे तेवढे खर्चावेत. विश्वामित्राचा हिशोब नेमका हाच. भेद इतकाच की त्याची कणगी भरायला तपे लागत आणि खेळातील सिद्धाची एका रात्रीच्या झोपेत भरते.

१३/
या एका सवलतीतून निम्मा वाद जन्मला. साठा हवा तसा उपसता येत असेल तर सिद्ध पहिल्याच झुंजीत सारे गुण ओतून शत्रूला भस्म करतो आणि मग सोबत्यांना म्हणतो, आता विश्रांती घेऊ. नवघरच्या टेबलावर योद्धा आणि चोर कंटाळले ते यामुळेच. २००४ सालच्या ‘एक्सपांडेड सायऑनिक्स हँडबुक’मध्ये यावर साधा बांध घातला होता : एका शक्तीवर आपल्या पातळीहून अधिक गुण खर्चायचे नाहीत. मनःशक्ती भारी पडते अशी तक्रार करणाऱ्या अनेक टेबलांवर हा नियम वाचायचाच राहून गेलेला असे. दुसरी बाजूही त्याच पुस्तकात आहे. मांत्रिकाचा अग्निगोल पातळीसोबत आपोआप मोठा होतो. सिद्धाला मोठ्या प्रहारासाठी दर वेळी जादा गुण मोजावे लागतात.

१४/
दुसरा मुद्दा आवाजाचा. मंत्र उच्चारावा लागतो आणि उच्चार चुकू शकतो. वैदिक परंपरेतील इंद्रशत्रूची कथा प्रसिद्ध आहे. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र मिळावा म्हणून यज्ञ केला. शब्द बरोबर होता, स्वर चुकला, समासाचा अर्थ फिरला आणि ‘इंद्राला मारणारा’ ऐवजी ‘इंद्र ज्याला मारील असा’ वृत्र जन्मला. खेळातल्या मांत्रिकाचे तोंड बांधले, हात बांधले, ग्रंथ चोरला की तो निम्मा होतो. सिद्धाचे काय बांधणार? शक्ती मूक असेल तर दरबारात उभे राहून राजाचे मन वाचता येते आणि कोणाला कळतही नाही. म्हणून नियमकर्त्यांनी मनःशक्तीलाही खुणा जोडल्या : वापरताना गुणगुण ऐकू यावी, डोळ्यांत चमक दिसावी, गंध यावा. ज्याला विरोध करता येतो तीच शक्ती टेबलावर न्याय्य ठरते, आणि विरोध करण्यापूर्वी ती दिसावी लागते.

१५/
आता खाडी ओलांडावी. भाईंदरहून विरारकडे निघाले की नायगाव, वसई रोड आणि तिसरे स्थानक नालासोपारा. हेच प्राचीन शूर्पारक. येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली स्तूप उत्खनला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी सापडला. ‘दिव्यावदान’ या बौद्ध संस्कृत ग्रंथातील पूर्णाची कथा या बंदरात घडते. पूर्ण हा व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. वाटणीत डावलला गेला, समुद्रावर गेला, श्रीमंत झाला आणि पुढे भिक्षू झाला. त्याच्या भावाचे जहाज गोशीर्ष चंदनाच्या वनाशी असताना तेथील यक्षाने वादळ उठवले. दूर बसलेला पूर्ण ऋद्धीच्या बळाने जहाजावर प्रकटला आणि वादळ शमले. मिठागरांच्या या किनाऱ्याला मनःशक्तीची कथा परकी नाही. तिचा नायक दासीपुत्र आहे, हेही विसरण्याजोगे नाही.

१६/
बौद्ध वाङ्मयातच या वादाचा मर्मभेद करणारा प्रसंग आहे. दीघनिकायातील केवट्टसुत्तात नालंदेचा एक गृहस्थ बुद्धाला विनवतो की, एखाद्या भिक्षूला चमत्कार दाखवायला सांगावे, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. बुद्ध नकार देतो आणि कारण सांगतो. भिक्षू एकाचा अनेक होऊन दाखवील, तर न मानणारा म्हणेल की ही गांधारी विद्या आहे. भिक्षू मन वाचून दाखवील, तर न मानणारा म्हणेल की ही मणिका विद्या आहे. म्हणजे साधनेतून आलेली मनःशक्ती आणि शिकलेली मंत्रविद्या यांचा बाह्य परिणाम अगदी सारखा दिसतो. पाहणाऱ्याला फरक सांगता येत नाही. म्हणून बुद्ध तिसरे प्रातिहार्य श्रेष्ठ मानतो, आणि ते म्हणजे उपदेश.

१७/
खेळियांनी हाच पेच नियमांच्या भाषेत मांडला. २००४ च्या त्या पुस्तकात ‘पारदर्शकते’चा नियम आहे : मंत्राला रोखणारी ढाल मनःशक्तीलाही रोखते, मंत्र उलटवणारा प्रयोग मनःशक्तीही उलटवतो. दुसरा पर्यायही तेथे दिला आहे : दोन्ही शक्ती पूर्णतः वेगळ्या मानाव्यात. हा पर्याय अधिक गूढ आणि आकर्षक वाटतो. पण त्याचा परिणाम असा की ज्या राक्षसाला मंत्र लागत नाही त्याला मनःशक्ती सहज लागते, आणि ज्या नगराने मांत्रिकांविरुद्ध तटबंदी उभारली ते सिद्धासमोर उघडे पडते. शक्ती वेगळी ठेवायची तर जगही तिच्यासाठी नव्याने रचावे लागते. ते काम नवघरच्या टेबलावरच्या कथाकाराच्या शिरावर पडते आणि बहुतेक वेळा होत नाही.

१८/
तिसरा मुद्दा प्रदर्शनाचा. विनयपिटकात राजगृहाच्या एका श्रेष्ठीने उंच बांधलेले चंदनाचे पात्र पिंडोल भारद्वाजाने आकाशमार्गे जाऊन काढून आणले, अशी कथा आहे. लोकांनी जयजयकार केला. बुद्धाने मात्र त्याला बोल लावला, पात्राचे तुकडे करायला लावले आणि गृहस्थांसमोर ऋद्धी दाखवू नये असा नियम केला. शक्ती खरी आहे की खोटी, असा वाद तेथे झालाच नाही. एका लाकडी भांड्यासाठी ती वापरली, हा आक्षेप होता. योगसूत्रांतही अशा सिद्धींना समाधीतील उपसर्ग म्हटले आहे. एकनाथांनी १५७३ साली पूर्ण केलेल्या भागवतटीकेत, एकादश स्कंधाच्या पंधराव्या अध्यायावर लिहिताना, अठरा सिद्धींचे सविस्तर वर्णन करून त्यांना साधकाच्या वाटेतील अडथळे ठरवले आहे.

१९/
चौथा मुद्दा अधिकाराचा आणि तोच सर्वांत जड. मंत्र ग्रंथात असतो, ग्रंथाला दार असते आणि दाराशी कोणीतरी उभा असतो. वेदमंत्र कोणी म्हणावेत यावर शतकानुशतके जन्माची अट होती. पैठणच्या दंतकथेत ज्ञानदेव रेड्याकडून वेद वदवतात. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकल्या गेलेल्या भावंडांची ती कथा आहे, आणि तिच्यातील चमत्काराचे टोक दाराशी उभ्या असलेल्याकडेच रोखलेले आहे. १८१९ साली धुंडिसुत मालू यांनी रचलेल्या ‘नवनाथ भक्तिसार’ या ग्रंथात नाथ शाबरी विद्येने लढतात. वाताकर्षण अस्त्र, स्पर्शास्त्र, अभिमंत्रित भस्म यांचे संग्राम चाळीस अध्यायांत विखुरलेले आहेत. शाबरी मंत्रांचे वैशिष्ट्य हे की ते लोकभाषेतले मानले जातात. मंत्राची भाषा बदलली की त्याचे दारही थोडे उघडते.

२०/
मनःशक्ती या दाराला वळसा घालते. तिला ग्रंथ लागत नाही, म्हणून ती दासीपुत्राला, वाळीत टाकलेल्याला, मुलीलाही मिळू शकते. चांगदेवांची कथा यासाठी पुन्हा वाचावी. परंपरा सांगते की चौदाशे वर्षे जगलेला हा योगी वाघावर बसून, सापाचा चाबूक करून आला. ज्ञानदेव भावंडांसह भिंतीवर बसले होते, ती भिंतच चालू लागली. आळंदीला ती भिंत आजही दाखवतात. खेळाच्या दृष्टीने हा सामना सपशेल असमतोल आहे. चौदाशे वर्षांचा अनुभव असलेले पात्र काही पोरांसमोर हरते. पण कथेचा तराजू वर्षे मोजतच नाही. चांगदेवाने पाठवलेले कोरे पत्र पाहून, इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे म्हणणारी मुक्ताबाई त्या भावंडांत सर्वांत धाकटी. आणि पुढे तीच त्याची गुरू झाली.

२१/
मात्र वळसा घातला म्हणजे प्रश्न सुटला, असे होत नाही. १९७८ च्या नियमांत मनःशक्ती ही जन्माची सोडतच होती. ग्रंथाच्या दाराऐवजी फाशाचे दार. ‘ज्याच्या नशिबी आहे त्याला मिळते’ हे वाक्य ‘ज्याच्या जन्मात आहे त्याला मिळते’ या वाक्यापासून फार दूर नसते. पुढच्या आवृत्त्यांनी हे ओळखले. १९९१ साली मनःशक्तीला स्वतंत्र पेशाचे स्थान मिळाले : खेळाडूने तो निवडायचा आणि वाढवत न्यायचा. २००१ साली त्या पेशाला सहाही गुण लागावेत अशी रचना झाली, पात्र दुबळे पडले, आणि २००४ साली ती दुरुस्त झाली. २०१५ ते २०१७ दरम्यान ‘मिस्टिक’ नावाचा नवा पेशा चाचणीसाठी दिला गेला. तो इतरांची कामे एकटाच करू लागला आणि मागे घेतला गेला. २०२० साली मनःशक्ती इतर पेशांच्या शाखांत वाटून दिली गेली.

२२/
या साऱ्या प्रयत्नांत सर्वांत विचारप्रवर्तक जग १९९१ सालचेच, ‘डार्क सन’ नावाचे. तेथे प्रत्येक पात्राला थोडी तरी मनःशक्ती असते. ती भाकरीसारखी सर्वसामान्य आहे. जादू मात्र झाडांचा आणि जमिनीचा जीव शोषून चालते. मांत्रिकाने मंत्र म्हटला की भोवतालचे गवत राख होते. सारे जग वाळवंट झाले आहे ते याच कारणाने, आणि म्हणून लोक मांत्रिकांचा द्वेष करतात. आकड्यांचा हिशोब बाजूला ठेवून या जगाने एकच प्रश्न विचारला : शक्तीचे मोल कोण चुकवतो? वापरणारा स्वतः, की त्याच्या शेजारी उगवलेले गवत?

२३/
हा प्रश्न महाराष्ट्रात खेळापुरता उरत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. ज्या कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तो आधी अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाच्या मंजुरीने आला. नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथांना आणि जादूटोण्याला प्रतिबंध करणारा हा कायदा तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे, फसवणे, दहशत बसवणे यांना गुन्हा मानतो. दावा करणारा मंत्राचे नाव घेतो की मनोबलाचे, याने गुन्ह्यात फरक पडत नाही. केवट्टसुत्तातील शंकेखोर आणि कायद्याचा मसुदाकार एकाच जागी येऊन पोचतात : उगम विचारू नका, परिणाम कोणावर झाला ते पाहा. भोंदूच्या दाव्याचे मोल नेहमी दुसराच चुकवतो : उपचाराला उशीर झालेला रुग्ण, घरातली मूक सून, चेटकीण ठरवली गेलेली विधवा.

२४/
नवघरच्या टेबलावरील कथाकाराला या इतिहासातून चार गोष्टी घेता येतील. सिद्धाची कणगी एका रात्रीत पूर्ण भरू नये. झोपेने थोडी, साधनेने थोडी, आणि रागाच्या भरात केलेल्या प्रहाराने जास्त रिकामी व्हावी. मनाचा वापर कोणाला तरी जाणवावा, म्हणजे विरोधाला जागा राहील. मंत्र आणि मन यांना एकच ढाल लागू असावी. वेगळी ढाल हवी असेल तर आधी तसे जग रचावे. आणि चंदनाच्या पात्रासाठी उडालेल्या सिद्धाला कथेने काहीतरी विचारावे : गावात बभ्रा व्हावा, याचकांची रांग लागावी, मूळ वाट लांबावी. यांतला एकही नियम सिद्धाला दुबळा करत नाही. त्याच्या प्रत्येक कृतीला ते वजन देतात, आणि मधल्या वेळात चोराला कुलूप उघडायची, योद्ध्याला पूल राखायची संधी मिळते.

२५/
आणखी एक गोष्ट गोरोबाकाकांकडून घ्यावी. परंपरेत त्यांनी मडकी पारखावीत तशी थापटी घेऊन संतांची डोकी पारखली, आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले. नामदेव रागावले, पण औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि शिष्य झाले. त्या पारखीत कोणी किती चमत्कार केले हे मोजले नव्हते. थापटी बसल्यावर आवाज कसा येतो एवढेच पाहिले होते. पात्राची परीक्षा अशीही घेता येते. त्याची शक्ती काढून घेतल्यावर ते काय करते, हे ज्या खेळात एकदा तरी पाहिले जाते, त्या खेळातील मांत्रिक आणि सिद्ध यांची भांडणे आपोआप कमी होतात.

२६/
पन्नास वर्षांच्या नियमदुरुस्त्यांनी एवढे सिद्ध केले आहे की मंत्र आणि मन यांची आकड्यांत बरोबरी करता येते, आणि तरीही टेबल असमाधानी राहू शकते. शूर्पारकाच्या कथाकारांना, आळंदीच्या भावंडांना, पैठणच्या एकनाथांना बरोबरीची फिकीर नव्हती. शक्ती कोणाला मिळू शकते, ती वापरताना कोणाचे काय जाते, आणि ती नसताना माणूस काय उरतो, हे तीन प्रश्न त्यांनी धरून ठेवले. तुकाराम तात्यांनी पहिल्या प्रश्नासाठी पुस्तक लिहिले आणि पुस्तक छापले. दुसऱ्या प्रश्नासाठी पुण्यात एका माणसाचा जीव गेला. तिसरा प्रश्न मात्र प्रत्येक टेबलावर नव्याने सोडवावा लागतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही नियमपुस्तकात मिळत नाही.

धागा समाप्त.